व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबुंटू टाकल्याने विंडोज पुसली जात नाही

'व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबुंटू टाकू नका, हार्डडिस्क पुसली जाते आणि विंडोजसकट सगळा डेटा जातो', असा मेसेज विद्यार्थ्यांच्या ग्रुपांवर फिरतो आहे. हे खरं नाही. व्हर्च्युअलबॉक्स म्हणजे विंडोजच्या आत एक आभासी कॉम्प्युटर (व्हर्च्युअल मशीन) चालवणारं सॉफ्टवेअर, आणि उबुंटू ही विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम, लिनक्सचा एक प्रकार.

घबराटीचं मूळ बहुधा उबुंटूच्या इन्स्टॉलरमधल्या एका पर्यायात आहे. 'डिस्क पुसून उबुंटू इन्स्टॉल करा' अशा अर्थाचं वाक्य तिथे असतं आणि ते वाचून कुणाच्याही पोटात गोळा येईल. पण व्हर्च्युअल मशीनमधल्या उबुंटूला तुमची खरी डिस्क दिसतच नाही. डिस्क म्हणून त्याच्यापुढे असते ती विंडोजमध्ये ठेवलेली एक फाइल, बहुतेक वेळा व्हीडीआय या व्हर्च्युअलबॉक्सच्या स्वतःच्या प्रकारची. पुसली जाते तीच. २५ जीबीची डिस्क नेमली तरी नेहमीच्या सेटिंगमध्ये ही फाइल सुरुवातीला अगदी लहान असते आणि लागेल तशी वाढत जाते. (आतला डेटा काढला म्हणून ती आपोआप आकसत नाही, एवढं ध्यानात असू द्या.)

पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर थेट सुरू करून हाच पर्याय निवडलात, तर मात्र खरी डिस्क साफ होते. मेसेजमध्ये या दोन पद्धतींची गल्लत झाली आहे, आणि त्यामुळे नवख्या मुलांनी लिनक्स शिकण्याचा सगळ्यात सुरक्षित मार्गच सोडावा, हे फार वाईट आहे.

काळजी घ्यायचीच तर शेअर्ड फोल्डरची, म्हणजे विंडोज आणि उबुंटू दोन्हींतून वापरता येणाऱ्या फोल्डरची घ्या. त्यात लिहिण्याची परवानगी दिली असेल, तर उबुंटूतून डिलीट केलेली फाइल विंडोजमधूनही जाते. तो 'रीड-ओन्ली' (फक्त वाचण्यापुरता) ठेवा.