मेसेज पणजीचा, हिशेब भलत्याचाच

मार्च महिना आला की महापालिकेचे अंदाजपत्रक येते आणि त्याच्या मागोमाग तो मेसेजही. मला तो एकाच दिवशी तीनदा मिळाला: सोसायटीच्या ग्रुपवर, देवळाच्या ग्रुपवर आणि म्हापशाच्या भावोजींकडून, "वाच आणि पुढे पाठव" अशा आज्ञेसह. सांगणे थोडक्यात असे. पणजी महापालिकेने स्मार्ट सिटीच्या नावाखाली हजार कोटी मातीत घातले, कॅसिनोंचे कोट्यवधी गिळले, कार्निव्हलवर उधळले, उरलेले पगारात वाटले. चाळीस हजार वस्तीच्या शहराला एवढा पैसा लागतो कशाला? वर अंदाजपत्रक शिलकी, म्हणजे तिजोरी भरलेली. तेव्हा घरपट्टी भरू नका.

मनपाची बाजू घेण्याची मला हौस नाही. पावसात शहरातल्या मळा भागात पाणी तुंबले की शिव्या घालणाऱ्यांत मीही असतो. पण शिवी निदान बरोबर पत्त्यावर जावी.

हजार कोटी कुठून आले ते ओळखायला फार डोके लागत नाही. २०१५ साली सुरू झालेल्या स्मार्ट सिटी मिशनमध्ये केंद्र एकेका शहराला पाच वर्षांत ५०० कोटींपर्यंत देणार होते आणि तेवढीच भर राज्याने किंवा पालिकेने घालायची होती. पाचशे अधिक पाचशे, झाले हजार. पणजीची निवड २०१६ मध्ये झाली आणि हा पैसा खर्च करण्यासाठी 'इमॅजिन पणजी स्मार्ट सिटी डेव्हलपमेंट लिमिटेड' ही वेगळी कंपनी निघाली. सांतिनेजचे उकरलेले रस्ते, महिनोन् महिने उघडे राहिलेले चर, नाकातोंडात गेलेली धूळ, यांचा जाब मुख्यतः त्या कंपनीकडे मागायचा. मनपाच्या अंदाजपत्रकाची पाने उलटून ते हजार कोटी हाती लागायचे नाहीत.

म्हणून मनपा नामानिराळी ठरते असेही नाही. मिशनच्या नियमांप्रमाणे अशा कंपनीत राज्य सरकार आणि पालिका यांची भागीदारी निम्मी-निम्मी. म्हणजे आपले तीस नगरसेवक निम्म्या मालकाचे प्रतिनिधी झाले. मिशन ३१ मार्च २०२५ ला संपले. त्यात बांधलेले पदपथ, दिवे, कॅमेरे आता कोण सांभाळणार आणि तो खर्च मनपाच्या कुठल्या शीर्षाखाली पडणार? अंदाजपत्रकाला विचारण्यासारखा प्रश्न हा होता, आणि मेसेजमध्ये नेमका तोच नाही.

कॅसिनोंची गोष्ट त्याहून सोपी. मांडवी नदीतल्या कॅसिनो-जहाजांना परवाना मिळतो तो १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्याखाली, राज्य सरकारकडून, आणि परवान्याचे शुल्क जमा होते राज्याच्या तिजोरीत. किनाऱ्यावरची कार्यालये, फलक, व्यापार परवाना यांपोटी मनपा जे वसूल करते ती रक्कम त्यापुढे किरकोळ. गर्दी, गाड्या आणि कचरा मात्र शहराच्या वाट्याला. त्यामुळे मनपाने कॅसिनोंचे पैसे गिळले या तक्रारीपेक्षा, राज्य त्यातला वाजवी हिस्सा शहराला का देत नाही, ही तक्रार जास्त टिकेल.

जाता जाता नळ आणि विजेचेही सांगून टाकतो, कारण मेसेजच्या खाली येणाऱ्या प्रतिक्रियांत निम्मे रडगाणे त्यांचेच असते. पणजीचे पाणी ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्रातून येते, सरकारकडून. वीज, वीज खात्याची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये खांडेपारजवळ जलवाहिनी फुटली आणि पणजी कित्येक दिवस कोरडी पडली, तेव्हाही लोक नगरसेवकांच्या दारात उभे होते. त्यांच्या हातात टँकर मागवण्यापलीकडे होते काय? १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी १८ कामांची यादी दिली, पाणीपुरवठा त्यात आहे. पण कुठले काम खरोखर सोपवायचे हे राज्याने ठरवायचे, आणि गोव्याने नळाची किल्ली स्वतःच्या कनवटीलाच ठेवली.

आता चाळीस हजार. २०११ च्या जनगणनेत पणजी शहराची लोकसंख्या सुमारे ४० हजार भरली, हे खरे. अंदाजपत्रकाला तिने भागून दरडोई आकडा काढायचा आणि डोळे विस्फारायचे, हा मेसेजचा लाडका खेळ. पण ही माणसे रात्री पणजीत झोपणारी. त्याच जनगणनेत पणजीचा नागरी समूह, म्हणजे शहर आणि त्याला लागून वाढलेली वस्ती, धरला तर आकडा १ लाख १४ हजारांच्या वर जातो. ताळगाव, मेरशीची माणसे घरपट्टी आपापल्या पंचायतीत भरतात आणि दिवसभर पणजीतच वावरतात. सकाळी नऊला कदंबाच्या बसस्टँडवर उभे राहून बघा. पाटोच्या कचेऱ्यांत, अठरा जून रस्त्यावरच्या दुकानांत शिरणारी ही माणसे चहा पितात, जेवतात, कचरा टाकतात, मुतारी शोधतात. वर पर्यटक वेगळे. झाडू या सगळ्यांच्या मागे मारावा लागतो.

पगाराचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकला. पगारावरचा खर्च म्हणजे उधळपट्टी, असे मेसेज धरूनच चालतो. अहो, पालिका विकते तरी काय? माणसांचे कष्टच ना! पणजीने रस्त्यावरच्या कचराकुंड्या हटवून दारोदार कचरा गोळा करायला सुरुवात केली त्याला वीस वर्षे उलटून गेली. कुंडी गेली म्हणजे कुंडीचे काम माणसाकडे आले. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजतो त्याच सुमारास तो कामगार आपल्या जिन्यात येतो. सुका वेगळा, ओला वेगळा, आणि आपण ओल्यात गुपचूप कोंबलेली प्लास्टिकची पिशवीही तोच हाताने बाहेर काढतो. साळगावचा कचरा प्रक्रिया प्रकल्प २०१६ मध्ये सुरू झाला, पण कचरा आपल्या पायांनी तिथे चालत जात नाही. माणसे नेमली किती, हजेरीवर किती आणि प्रत्यक्ष रस्त्यावर किती, असे विचारले असते तर मी तो मेसेज स्वतः पुढे पाठवला असता.

कार्निव्हलचे दोन वाक्यांत आटोपते. कार्निव्हल आणि शिगमोच्या मिरवणुकांना मोठा आधार पर्यटन खात्याच्या अनुदानाचा. मनपाच्या गळ्यात दुसऱ्या दिवशीची सफाई.

शिल्लक या शब्दाने मात्र भल्याभल्यांना चकवले आहे. अंदाजपत्रकातली शिलकी म्हणजे कपाटातली रोकड नव्हे, तो पुढच्या वर्षाचा अंदाज. येणे फुगवून धरले की शिल्लक आपोआप दिसते. समजा, थकबाकी वसुलीतून पाच कोटी येतील असे लिहिले आणि वर्षाअखेर दोनच आले, तर कागदावरची शिल्लक गेली आणि ठरवलेले गटार पुढच्या वर्षावर ढकलले. म्हणून अंदाजपत्रक हातात आले की शेवटचा आकडा बघू नये. तीन रकाने शेजारी ठेवावेत: मागच्या वर्षीचे प्रत्यक्ष, चालू वर्षाचे सुधारित आणि पुढच्या वर्षाचे अपेक्षित. एखाद्या शीर्षाखाली दरवर्षी मोठा अंदाज आणि दरवर्षी तोकडे प्रत्यक्ष दिसले, तर बोट तिथे ठेवावे. मार्केटातल्या गाळ्यांचे वर्षानुवर्षे रखडलेले भाडेकरार, सोपो (बाजारात बसणाऱ्या विक्रेत्यांकडून घेतली जाणारी पट्टी), पे-पार्किंग, व्यापार परवाने: मनपाची स्वतःची मिळकत इथे आहे आणि गळतीची शंका घ्यायची तर तीही इथेच.

राहिली घरपट्टी. वरून येणारा पैसा बहुधा हातपाय बांधूनच येतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २६ या काळात पणजीसारख्या शहरांना दिलेल्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायची अट होती. बाग की गटार, पदपथ की मार्केटचे छप्पर, असा प्राधान्यक्रम नगरसेवकांना मोकळेपणाने ठरवता येतो तो घरपट्टी आणि इतर स्वतःच्या उत्पन्नातूनच. ती बंद केली तर मांडवीतले एकही जहाज हलणार नाही. मनपा मात्र प्रत्येक गोष्टीसाठी सरकारच्या दारात उभी राहील, आणि मग आपण निवडून दिलेल्या नगरसेवकाला जाब तरी कशाचा विचारायचा?

भावोजींना एवढे सगळे लिहून पाठवले. त्यांचे उत्तर आले, "ते ठीक, पण आमच्या म्हापशाचे काय?" म्हापशाला महापालिका नाही, नगरपालिका आहे, कायदाही वेगळा. पण तीन रकाने तिथेही असतातच, असे कळवले. मी माझ्या प्रभागाच्या नगरसेवकांना तीन आकडे विचारले आहेत: गाळ्यांचे गेल्या वर्षीचे प्रत्यक्ष भाडे, घरपट्टीची थकबाकी आणि स्मार्ट सिटीच्या कामांच्या देखभालीची तरतूद. उत्तर आले की त्याच ग्रुपवर टाकीन.