सोयापेंड जितकी जास्त, तितकं वजन जास्त?

वराहपालकांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय: 'खाद्यातलं प्रोटीन 18 टक्क्यांच्या खाली नेऊ नका, वाढ खुंटते. सोयापेंड कमी करून लायसिन टाका म्हणणारे कंपनीचे दलाल. ते केमिकल आहे. आणि वासाचं काय, डुक्कर म्हटलं की वास येणारच.'

आधी वाढीचं बघू. डुकराला खरं तर प्रोटीन ज्यांचं बनतं ती अमिनो आम्लं लागतात, तीही ठरलेल्या प्रमाणात. पुरण पातेलंभर आहे पण कणीक संपली, तर पोळ्या कणकेएवढ्याच होणार. मका-सोयाच्या खाद्यात कणीक म्हणजे लायसिन हे अमिनो आम्ल. ते भागावं म्हणून पेंड वाढवत गेलं की बाकीची आम्लं गरजेपेक्षा जास्त होतात. शरीर ती साठवत नाही. यकृत त्यांतल्या नायट्रोजनचा युरिया करतं आणि तो मुतावाटे बाहेर पडतो.

हिशेबच करा ना. 30 किलोचं डुक्कर 100 किलोपर्यंत न्यायला 200 किलो खाद्य धरा. 18 टक्क्यांनी झालं 36 किलो प्रोटीन, त्यात नायट्रोजन सुमारे 5.8 किलो. वाढलेल्या 70 किलो वजनात त्यातला जेमतेम पावणेदोन किलो राहतो. उरलेला चार किलो शेडमध्ये. खाद्य 16 टक्क्यांवर आणलं तर हाच आकडा साडेतीनच्याही खाली येतो. शंभर डुकरांमागे फरक 64 किलो नायट्रोजनचा, म्हणजे युरिया खताच्या 45 किलोच्या तीन गोण्यांत असतो तेवढा. आणि तो तुम्ही पेंडीच्या भावाने घेतलेला!

हे जमतं कसं? टनामागे 50 किलो पेंड काढायची, दीड किलो लायसिन आणि बाकी मका घालायचा. लायसिन जवळपास तेवढंच राहतं, प्रोटीन मात्र पावणेदोन टक्क्यांच्या आसपास उतरतं.

मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे, ते मान्य. नुसती पेंड काढून टाकली तर वाढ खुंटणारच. प्रोटीन आणखी खाली न्यायचं तर थ्रिओनिन, मेथिओनिन, ट्रिप्टोफॅन, मग व्हॅलिन ही अमिनो आम्लंही जुळवावी लागतात. वयही बघायला हवं: 15-20 किलोच्या पिलाला खाद्यात पचणारं लायसिन सुमारे 1.2 टक्के लागतं, 80-90 किलोच्या डुकराला पाऊण टक्का पुरे. दोघांना एकाच पोत्यातलं खाद्य घालणं हीच मोठी उधळपट्टी. हॉटेलच्या उष्ट्यावर डुकरं पाळणाऱ्याला मात्र यातलं काही लागू नाही. रोज बादलीत काय येईल हेच त्याला ठाऊक नसतं.

'केमिकल'बद्दल फार बोलायला नको. खाद्यातलं लायसिन साखर-स्टार्चवर जिवाणू वाढवून आंबवून काढतात, आणि ही पद्धत 1950च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये सुरू झाली. पेंडीतलं लायसिन आणि हे, रेणू एकच. कोंबडीवाले तर ते कधीचे वापरतात.

राहिला वास. तो पूर्ण जाणार नाही, पण डोळ्यांना झोंबतो तो अमोनिया. मुतातला युरिया विष्ठेतल्या जिवाणूंच्या एन्झाइमला भेटला की तो तयार होतो. प्रोटीन एका टक्क्याने उतरलं की अमोनिया साधारण दहा टक्क्यांनी घटतो. पाण्याची टाकीही बघत जा: जादा युरिया बाहेर टाकायला डुक्कर जादा पाणी पितं, आणि शेडमागचा खड्डा लवकर भरतो.