चेंज नहीं है

चोवीस रुपये. भीक म्हणून मागितले नव्हते, माझेच परत हवे होते.

काल संध्याकाळी पार्ल्याला स्टेशनवरून रिक्षाने घरी आलो. मीटर 26. मी पन्नासची नोट पुढे केली. रिक्षावाला नोटेकडे न बघताच म्हणाला, "चेंज नहीं है." म्हटलं, स्कॅनर? "भाई का है. पैसा गाँव जाएगा." माझे सव्वीस रुपये गावाला गेले तर बिचाऱ्यांना तेवढाच हवापालट, पण तो ऐकेना. 1 फेब्रुवारी 2025 पासून किमान भाडं 23चं 26 झालं. हा आकडा ज्यांनी कुणी काढला, ते स्वतः रिक्षाने फिरत नसणार. सरळ 25 केलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं?

तेवढ्यात काका आले. हाफ शर्ट, हातात कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारी कोथिंबिरीची जुडी. त्यांना हीच रिक्षा हवी होती, म्हणून दांडीला धरून उभे राहिले.

"काका, पन्नासचे चेंज आहेत का?"

"चेंज!" काकांचे डोळे लकाकले. "शब्द मूळचा कुठला, माहितीये?"

मला चोवीस रुपये हवे होते.

"इंग्रजांनी घेतला जुन्या फ्रेंचमधून. फ्रेंचांनी लॅटिनमधून. कांबियारे! म्हणजे देवाणघेवाण. एक वस्तू द्या, दुसरी घ्या. आणि लॅटिनमध्येही तो बहुधा केल्टिक लोकांकडून आलेला. म्हणजे बघा, मुळात हा बाजारातला शब्द. माणसं बदलतात, जग बदलतं, ते सगळं नंतरचं."

"साहब, जल्दी," रिक्षावाला.

"थांब रे. आणि आपलं 'बदल'? अरबी! तिथेही अर्थ मोबदला, एकाच्या जागी दुसरा. दोन्हीकडे आधी सौदा. बदली त्यातलीच, बदलाही त्यातलाच. दलाल स्ट्रीटवर, शेअर बाजारात, बदल्याचे सौदे चालायचे, म्हणजे आजचा हिशेब व्याज देऊन पुढे ढकलायचा, आठवतं? 2001 साली बंद झाले."

मला बदला घ्यावासा वाटत होता, पण कुणाचा ते ठरेना. खरं तर आपणही या शब्दाला कमी राबवलेलं नाही. दादरला चेंज करायचं, ऑफिसातून आल्यावर चेंज करायचं, आणि माझे आजोबा मे महिन्यात माथेरानला 'चेंजला' जायचे. तेव्हा चेंज परवडायचा. आता पन्नासच्या नोटेचेही मिळत नाहीत.

"आणि सुट्ट्या पैशांना चेंज म्हणायची गरजच काय?" काकांनी कोथिंबीर या हातातून त्या हातात घेतली. "आपल्याकडे मोड आहे की! नोट मोडायची, म्हणून मोड. काय सुंदर शब्द! पण कोण वापरतो? तुमच्यासारखे शिकलेले लोकसुद्धा..."

एवढ्यात माझं लक्ष मीटरकडे गेलं. 28.

मीटर बंद करायचं राहिलं होतं, किंवा राहू दिलं होतं. कांबियारेपासून कोथिंबिरीपर्यंतच्या प्रवासाचं वेटिंग मी भरत होतो. मी आवाज चढवला. रिक्षावाल्याने शांतपणे माझ्या हातातली नोट घेतली, वरच्या खिशातून वीसची काढली (म्हणजे ती होती!) आणि म्हणाला, "दो रुपया छुट्टा नहीं है." मी म्हटलं, दोन नाही, चार. तो म्हणाला, मीटर देखो. मी काकांकडे बघितलं. चांगल्या घरचा माणूस साक्षीला उभा असताना दोन-चार रुपयांसाठी किती भांडणार? हेच या लोकांना पक्कं ठाऊक असतं. मी उतरलो.

काका आत बसले. बसताना त्यांच्या पॅंटच्या खिशात छन्न झालं. एकदोन नाण्यांचा नव्हे, देवळाची दानपेटी हलवल्यासारखा आवाज.

"काका," मी म्हटलं, "तुमच्याकडे होते?"

"मोड ना? भरपूर आहे. घरातून निघताना नेहमी घेऊनच निघतो." त्यांनी पिशवी मांडीवर नीट ठेवली. "पण तुम्ही चेंज मागत होतात."