श्रावणातले शार्क

आमच्या घरी श्रावण कडक. कांदा-लसूणसुद्धा बाद. आणि मी रोज रात्री लॅपटॉपवर शेकड्यानं शार्क भाजतो, हे आईला कळलं ते नेमकं श्रावणी सोमवारी.

"अरे, त्यात साबुदाणा नसतो का?"

नसतो. ओल्ड स्कूल रूनस्केप या ऑनलाइन खेळात राक्षस असतात, ड्रॅगन असतात. रूनस्केपची २००७ सालची आवृत्ती २०१३ मध्ये पुन्हा जशीच्या तशी सुरू केली, तोच हा खेळ, कारण लोकांना जुनाच त्रास हवा होता. ड्रॅगनपुढे माझी फे फे उडाली, म्हणून मी स्वयंपाकाला लागलो. ध्येय एकच : कुकिंग, लेव्हल ९९.

९२ झाली तेव्हा ऑफिसात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. शेजारच्या टेबलावरचं पोरगं म्हणालं, "सर, ९२ म्हणजे अर्धं."

हिशेब करून पाहिला. ९९ ला लागतात १,३०,३४,४३१ गुण. ९२ ला होतात ६५,१७,२५३. दहावीत ९२ टक्के पाडलेल्या मुलाला म्हणावं, अभिनंदन बाळा, पाचवी सुटलास! एका शार्कचे गुण २१०. म्हणजे अजून एकतीस हजार शार्क, तेही न करपता. करपलेल्याला शून्य.

पिशवीत मावतात २८. बँकेतून काढायचे, चुलीवर क्लिक करायचं, मिनिटभर बघत बसायचं, पुन्हा बँक. अशा अकराशेवर खेपा. एवढ्या खेपा मी रेशनच्या दुकानात घातल्या असत्या तर दुकानदारानं मुलगी दिली असती.

त्या पोराच्या मोबाइलवरच्या गेमला 'ऑटो' बटण आहे. गेम स्वतःच लढतो, हा चहा पितो. आठवड्यात राजा झाला. मी विचारलं, "राजा झाल्यावर कसं वाटलं रे?"

"कुठल्या गेममध्ये?"

मला मात्र माझा प्रत्येक करपलेला मासा आठवतो.

शेवटी तो क्षण आला. आई देवळात निघाली होती. "गॅसवर दूध ठेवलंय, बघ हं." हो म्हणालो. पिशवीत तीन शार्क बाकी. एक झाला. दुसरा करपला. (शत्रूवरही येऊ नये अशी वेळ.) तिसरा झाला आणि डोक्यावर फटाके फुटले! कुठल्या देशातल्या कोण जाणे, चुलीशेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसानं अभिनंदन केलं. माझा गळा दाटून आला.

तसाच धावत खानसाम्यांच्या गिल्डात गेलो, ९९,००० नाणी मोजली आणि कुकिंगचा झगा घेतला. झग्याचा गुण असा, की तो घालून काहीही शिजवा, करपत नाही. म्हणजे ज्याला आता काही शिजवायचंच उरलेलं नाही, त्याला.

झगा घालून मागून-पुढून न्याहाळत होतो, तेवढ्यात दार उघडलं. आई नाक वर करून दारातच थांबली.

"दूध खाली लागलंय रे."