बादलीला बाथरूममध्ये जागा ठेवा हो!

हल्ली कुणाच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत असली की मी हळूच बाथरूम बघून येते. हसू नका. काचेचं पार्टिशन असतं, ताटाएवढा शॉवर असतो, पण नळ इतका खाली की वीस लिटरची बादली त्याखाली सरळ उभी राहत नाही, तिरकी घालावी लागते. वर घरमालक कौतुकाने सांगतात, "आम्ही आता बादली वापरतच नाही!"

शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सहज सोडतो. गाणं म्हणत दहा मिनिटं उभं राहिलं की चार-पाच बादल्या संपल्या, आणि पत्ताही लागत नाही. पण पाणीबचतीचं राहू द्या, ते भाषण सगळ्यांचं पाठ आहे. माझं भांडण वेगळं आहे. बादली ही आंघोळीची वस्तू आहे असं ठरवलं कुणी?

मे महिन्यात आंबे भिजतात ते तिच्यात. पंगतीत आमटी फिरते ती बादलीतूनच, सोबत ओगराळं (ती स्टीलची, आणि वेगळी. कृपया.) पुण्यात तर घरच्या घरी विसर्जनही होतं. पीओपीची छोटी मूर्ती बादलीत ठेवायची, पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट घालायचं आणि अधूनमधून ढवळायचं. पद्धत राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची, पावडर महापालिका देते. दोन-तीन दिवसांत मूर्ती विरघळते, तळाशी कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा गाळ बसतो आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट उतरतं, म्हणजे खतच की.

आणि खेळ? गल्लीत उलटी बादली म्हणजे स्टंप. विटांच्या स्टंपवर "वरून गेला", "बाजूने गेला" यात अर्धी संध्याकाळ जाते. बादलीला चेंडू लागला की थाडकन आवाज येतो, तिसऱ्या मजल्यावरच्या आजीसुद्धा "आउट!" म्हणतात.

माझा सगळ्यात आवडता खेळ मात्र आनंदमेळ्यातला. काठोकाठ भरलेल्या बादलीच्या तळाशी एक वाटी. वरून नाणं सोडायचं, वाटीत पडलं तर बक्षीस. आपण अगदी नेम धरून, श्वास रोखून नाणं सोडतो. बोटभर खाली जाईपर्यंत ते सरळ असतं, मग वाळकं पान गळावं तसं डुलायला लागतं आणि वाटीच्या कडेशेजारी जाऊन निवांत बसतं. चपटं नाणं पाण्यात जरा कललं की कललेल्या बाजूला घसरत जातं. बादली जितकी खोल तितकं जास्त भरकटतं. स्टॉलवाल्याने टब न आणता उंच बादली का आणली, ते आता कळलं ना?

माझा भाचा माईनक्राफ्ट नावाचा व्हिडिओ गेम खेळतो. तिथे लोखंडाच्या तीन तुकड्यांची बादली बनते. उंचावरून पडताना जमिनीला टेकायच्या आत तिच्यातलं पाणी ओतता आलं तर काही लागत नाही. तिच्यात लाव्हा भरून भट्टी पेटवता येते, दूध भरून प्यायलं तर विष उतरतं. गेमवाल्यांना बादली समजली, आमच्या बिल्डरांना नाही!

बादलीला एकाच कामाला बांधून ठेवायचा गंभीर प्रयत्न मी एकाच ठिकाणी पाहिलाय. पेट्रोल पंपावर, जुन्या थिएटरात, स्टेशनवर वाळू भरून टांगलेल्या लाल बादल्या आठवा. त्यांचा तळ मुद्दाम गोल असतो. जमिनीवर ठेवली की लवंडते, म्हणून कुणी घरी किंवा फरशी पुसायला नेत नाही. इतकी अक्कल लढवली, रंग दिला, वर नाव लिहिलं.

लोक त्यात पानाच्या पिचकाऱ्या मारतात.