गुडघा कोणत्या सूचीत?

माजी सैनिक हो, आजारी पडण्याआधी राज्यघटना चाळा. सातव्या अनुसूचीत संरक्षण हा विषय केंद्राकडे आहे, सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं राज्याकडे. पिठ्ठू पाठीवर घेऊन डोंगर चढून झिजलेला तुमचा गुडघा कोणत्या सूचीत बसतो, हे लिहायचं राहून गेलं. पण व्यवहारात त्यावर झकास तोडगा निघाला आहे: सन्मान राज्याने करायचा, दुखणं केंद्राने पाहायचं. तेव्हा गुडघा घेऊन विधानभवनाच्या पायऱ्या चढू नका. तिथे शाल मिळेल.

शाल नीट घ्यायला शिका. खांद्यावर पडली की मान शाल देणाऱ्याकडे नव्हे, फोटोग्राफरकडे वळवायची. तुम्ही निवृत्त होऊन आलात तेव्हा उघड्या जीपमधून डीजे लावून मिरवणूक निघाली होती, त्या फ्लेक्सवर तुमचा फोटो खालच्या कोपऱ्यात पासपोर्ट आकाराचा होता आणि वर आमदार, युवा नेते व युवा नेत्यांचे चिरंजीव होते. हेच आपलं सैन्यप्रेम. परंपराही जुनी आहे. साताऱ्याजवळच्या आपशिंगे मिलिटरी या एका गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले, आणि इंग्रजांनी गावात त्यांचा स्मृतिस्तंभ उभारला. स्तंभाचं एक बरं असतं, त्याला मोठ्या रुग्णालयात जायला रेफरलची चिठ्ठी लागत नाही.

राज्याकडे मागायचंच असेल तर चौकाला नाव मागा, कमान मागा. घरपट्टीतून सूटही मागता येईल. २०२० मध्ये सरकारने माजी सैनिकांना ती माफ करण्याचा निर्णय घेतला, आणि तो खरोखरच चांगला आहे. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला हवा आणि ग्रामसेवकाला तो निर्णय ठाऊक हवा. दाखला मिळतो.

औषधपाण्यासाठी राज्याची महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. २०२३ च्या निर्णयाने ती सगळ्या कुटुंबांना खुली झाली आणि मर्यादा ५ लाखांवर गेली. जरूर जा, फक्त फौजी असल्याचं बोलू नका. बोललात की खिडकीतून आवाज येईल, "काका, तुमचं वेगळं असतं ना?"

तुमचं वेगळं म्हणजे ईसीएचएस, केंद्राची माजी सैनिकांसाठीची आरोग्य योजना. २००३ साली सुरू झालेल्या या योजनेत सहसा तुमचीही एकरकमी वर्गणी असते, त्यामुळे फुकट मिळतंय म्हणून संकोचू नका. पहाटेची पहिली एसटी पकडा. पॉलिक्लिनिकच्या, म्हणजे योजनेच्या दवाखान्याच्या, बाकावर तुमच्याआधी ज्यांचा नंबर आहे ते पहाटेच्या नव्हे, रात्रीच्या मुक्कामी गाडीने आलेले असतात. कार्ड, कार्डाची झेरॉक्स, जुने कागद, जुन्या कागदांची झेरॉक्स. डॉक्टर चांगले असतात, लिहूनही देतात. मग औषधांच्या खिडकीवर चिठ्ठीतल्या दोन औषधांपुढे टिक होते आणि तीन औषधांपुढे 'एनए', म्हणजे उपलब्ध नाही. घाबरू नका. जमीन एनए झाली की तिचा भाव वाढतो, औषध एनए झालं की तुमचा रक्तदाब.

रेफरल मिळालं तर योजनेच्या यादीतल्या खासगी रुग्णालयात जा. काउंटरवरची मुलगी गोड आवाजात विचारील, "ईसीएचएस का? बसा हं जरा." बसा. आधीच्या बिलांचे पैसे वरून यायचे आहेत, असं ती सांगणार नाही. पण मागे रोख भरणारा आला की तुम्हाला आपोआप कळेल.

दाखल करून घेतलंच तर वॉर्डावरून वाद नको. हवालदारापर्यंत जनरल, नायब सुभेदारापासून सेमी-प्रायव्हेट, अधिकाऱ्यांना प्रायव्हेट. सियाचीनला सगळ्यांना एकच थंडी वाजली, ती गोष्ट निराळी. अख्खं गाव तुम्हाला 'मेजर' म्हणत असलं तरी गावाने दिलेली मेजरकी इथे चालत नाही.

छातीत दुखायचं असेल तर शक्यतो कामाच्या दिवशी, ऑफिसच्या वेळेत दुखू द्या. रात्री-अपरात्री यादीबाहेरच्या दवाखान्यात नेलंच, तर ४८ तासांत पॉलिक्लिनिकला कळवावं लागतं. तुम्ही बेशुद्ध असाल, म्हणून बायकोला आत्ताच पढवून ठेवा: आधी फोन, मग रडणं.

आणि काहीही झालं तरी नोव्हेंबर निभावून न्या, हयातीचा दाखला द्यायचा असतो. शिवाय ७ डिसेंबरला सैनिकांसाठी निधी गोळा करायचा ध्वजदिन आहे. निधीचं उद्दिष्ट गाठायचं असतं, त्यामुळे तुम्हाला अगत्याने बोलावतील, पहिल्या रांगेत बसवतील. साहेबांनी तब्येत विचारली तर छाती काढून "ठणठणीत" म्हणा. चुकून खरं बोललात तर साहेब गंभीर होतील, पीएकडे पाहतील, पीए तुमचा नंबर लिहून घेईल आणि त्या नंबरवर पुढच्या वर्षी ध्वजदिनाचं निमंत्रण येईल.