जॉर्डनमधले सीरियन निर्वासित आणि ‘गेलेल्या नोकऱ्या’: एका संदेशाचा प्रतिवाद

गेले काही दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: जॉर्डनने सीरियन निर्वासितांना कामाचे परवाने दिले आणि तिथल्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या, त्यांची मुले शाळेत घेतली आणि शाळा बुडाल्या, बाहेरून आलेली मदत सगळी निर्वासितांनी खाल्ली, तेव्हा अशा लोकांना छावणीत ठेवून जेवू घालावे आणि युद्ध संपले की परत पाठवावे. यातल्या काही मुद्द्यांच्या तळाशी खरी तक्रार आहे, पण ती भलत्याच निष्कर्षाला जुंपलेली आहे.

पहिला मुद्दा नोकऱ्यांचा. सीरियातून माणसे २०११ पासून येऊ लागली आणि परवान्यांचे धोरण ठरले ते सीरियन निर्वासितांसाठी मदत जमवायला फेब्रुवारी २०१६ मध्ये लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत. मधली पाच वर्षे हे लोक हातावर हात ठेवून बसले नव्हते. ते शेतात टोमॅटो तोडत होते, बांधकामावर सिमेंट वाहत होते आणि पकडले गेलो तर छावणीत रवानगी होईल या धास्तीने मालक देईल ती मजुरी घेत होते. स्थानिक मजुराचा दर पडण्याची भीती असलीच, तर ती अशा कागद नसलेल्या, तक्रार करू न शकणाऱ्या माणसापासून असते. परवाना त्याला निदान मजुरी बुडाल्यावर दाद मागण्याची सोय देतो. एरवी तिथला परवाना एकाच मालकाला बांधलेला असतो, पण तोडणीचे काम काही आठवड्यांचे आणि बांधकामावरचे रोज बदलणारे. म्हणून शेतीत सहकारी संस्थांमार्फत आणि बांधकामात कामगार संघटनांच्या महासंघामार्फत, मालक बदलता येईल असे परवाने देण्यात आले. या धोरणातली मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली गोष्ट हीच.

नोकऱ्या गेल्या का, याचे उत्तर अंदाजाने देण्याची गरज नाही. फल्लाह, क्राफ्ट आणि वहबा या अर्थतज्ज्ञांनी २०१० आणि २०१६ च्या पाहण्या ताडून केलेल्या अभ्यासात, जिथे सीरियन लोक जास्त आले तिथल्या जॉर्डनवासीयांच्या रोजगारावर वा वेतनावर लक्षणीय वाईट परिणाम आढळला नाही. कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही: शेतात आणि बांधकामावर आधीपासून मुख्यतः इजिप्शियन मजूर होते, तर कपड्यांच्या कारखान्यांत बांगलादेश, श्रीलंका आणि भारतातूनही आलेले कामगार. स्पर्धेची झळ कुणाला लागायची तर ती आधी या परदेशी मजुरांना, आणि त्यांच्यासाठी संदेशकर्त्याने अश्रू ढाळलेले दिसत नाहीत. डॉक्टर, अभियंता, शिक्षक हे व्यवसाय तर सीरियन लोकांना बंदच राहिले. लंडनमध्ये उद्दिष्ट २ लाख रोजगारांचे होते. २०२१ या विक्रमी वर्षात परवाने निघाले सुमारे ६२ हजार, आणि स्त्रियांचा वाटा बराच काळ नगण्य राहिला. धोरणावर टीका करायची तर ते तोकडे पडले म्हणून करता येईल.

दुसरा मुद्दा शाळांचा. सकाळ-दुपार अशा दोन सत्रांची शाळा मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. २०१६ च्या सुमारास जॉर्डनने अशा शाळांची संख्या सुमारे २०० पर्यंत नेली: सकाळी जॉर्डनची मुले, दुपारी सीरियन. रागी असाद आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात स्थानिक मुलांच्या शिक्षणाची पीछेहाट झाल्याचे दिसले नाही. नुकसान झाले ते दुपारच्या सत्रातल्या मुलांचे, कारण त्यांच्या वाट्याला आखूड तासिका आल्या.

मदतीच्या मुद्द्यावर फार थांबण्याचे कारण नाही. निर्वासितांसाठीच्या प्रकल्पांत साधारण ३० टक्के वाटा गरजू जॉर्डनवासीयांचा असावा, हा तिथल्या सरकारचाच आग्रह आहे. उत्तर जॉर्डनमधल्या झातरी छावणीतल्या सुपरमार्केटमध्ये सीरियन गृहिणी कॅमेऱ्यात डोळा दाखवायची, बुबुळावरून ओळख पटायची आणि तेल-तांदळाचे पैसे तिच्या मदतीच्या खात्यातून वळते व्हायचे. ते जायचे जॉर्डनच्या व्यापाऱ्याच्या गल्ल्यात. घरभाडी मात्र वाढली, हे खरे आहे, आणि उत्तरेतल्या गरीब भाडेकरूची तक्रार रास्त आहे. पण तिच्यावरचा उपाय घरे बांधणे हा आहे. कामावर बंदी घातल्याने भाडे उतरत नाही.

राहिला छावणीचा सल्ला. जॉर्डनमधल्या सीरियन लोकांपैकी दर पाचांतले चार जण छावणीत नव्हतेच. ते अम्मान, इर्बिद, मफ्रकच्या वस्त्यांत भाड्याने राहत होते. जुलै २०१२ मध्ये तंबूंनी सुरू झालेल्या झातरीतही दुकानांचा लांबलचक रस्ता उभा राहिला. आपल्याकडे उल्हासनगरात अजून ‘कॅम्प नंबर चार’, ‘कॅम्प नंबर पाच’ म्हणतात, पण तिथे राहून कुणी फुकटचे जेवत बसले नाही, कारखाने आणि बाजार उभे केले. (तुलना पुरती जुळत नाही, हे मान्य: फाळणीनंतर आलेले सिंधी भारताचे नागरिक झाले, सीरियन लोकांना जॉर्डनचे नागरिकत्व मिळाले नाही.) २०१७ मध्ये झातरीत रोजगार कार्यालय उघडले आणि परवानाधारकाला कामासाठी बाहेर पडून परत येण्याची मुभा मिळाली. डिसेंबर २०२४ मध्ये असद राजवट कोसळल्यावर अनेक कुटुंबे सीरियात परतू लागली आहेत, आणि तिथे पडलेले घर पुन्हा उभे करायला गवंडीकाम येणारा माणूस लागतो.